साडेदहा म्हणजे साडेदहा

प्रल्हादकाका सबनीस खोटं बोलत नाहीत. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. ज्यांना कौतुक करायचंय त्यांनी काकांबरोबर एखादा कार्यक्रम करून बघावा, महिन्याभरात डोकं धरून बसतील. मी वीस वर्षं आमच्या मराठी मंडळाची सेक्रेटरी आहे. नाकात दम आणणारी माणसं मी ढिगानं पाहिलीत. पण गेल्या ऑक्टोबरात या माणसानं मला जो ताप दिला तसा कुणीच दिला नव्हता. आणि वर चूक कुणाची, तर माझी. म्हणून तर अजून चिडचिड होते.

काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. चौऱ्याहत्तर साली सांगलीहून इथे अमेरिकेत शिकायला आले, सिव्हिल इंजिनिअर झाले आणि पस्तीस वर्षं पार्किंग गॅरेजेस डिझाइन केली. एडिसनमध्ये आमच्यापासून मैलभर लांब राहतात, चालत येतात. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम एक मेकॅनिकल पेन्सिल. त्यांना विचारलं, काका कधी पोचाल, तर ‘पाच मिनिटांत’ असं कधी म्हणणार नाहीत. ‘बावीस मिनिटं लागतील’ म्हणतात आणि बाविसाव्या मिनिटाला बेल वाजते. मी पहिल्यांदा उकडीचे मोदक केले तेव्हा सगळे ‘वा वा रेणू’ करत होते. काकांनी मोदक हातात घेऊन फिरवून बघितला आणि म्हणाले, “कळ्या नऊच आहेत आणि तोंड उकललंय. चव चांगली आहे.” एकदा हायवेवर पोलिसानं थांबवून विचारलं, किती स्पीडनं चालला होतात माहीत आहे का? कुणीही शहाणा माणूस म्हणेल, नाही बुवा, लक्ष नव्हतं. काका म्हणाले, “सेव्हंटी-थ्री.” पोलीस हसला म्हणे. तिकीट दिलंच.

तर रिटायर झाल्यावर लोक क्रूझला जातात, हा माणूस कालव्यावर गेला. आमच्याकडून गाडीनं पंचवीस मिनिटांवर एक जुना कालवा आहे. दोनशे वर्षांपूर्वी आयरिश मजुरांनी फावड्या-कुदळींनी खणलेला. कोळशानं भरलेल्या होड्या त्यातून जायच्या आणि काठानं चालणारी खेचरं दोरांनी त्या ओढायची. मग रेल्वे आली आणि कालव्याचं काम संपलं. आता त्याचा पार्क केलाय. खेचरांच्या वाटेवर लोक सायकली चालवतात, कुत्री फिरवतात. कालव्याचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण लिहिलं की काकांचा फोन येणार, स्पेलिंग चुकलंय म्हणून.

त्या पार्कात एक लॉक आहे. लॉक म्हणजे दगडी भिंतींची लांबट हौदासारखी जागा, दोन्ही टोकांना लाकडी दारं. वरच्या कालव्यात पाणी उंचावर, खालच्या कालव्यात सखल. होडी खालून हौदात शिरली की मागचं दार लावायचं, वरचं पाणी आत सोडायचं, की होडी आपोआप दहा फूट वर येते. मोटर नाही, वीज नाही. दाराला जोडलेला लांबच्या लांब लाकडी ओंडका असतो, त्याला पाठ लावून माणसांनी रेटायचं. कालव्यावरची बाकीची सगळी लॉक्स सिमेंटनं बुजलीत, हे एकच जितंजागतं राहिलंय. आणि ते जितं ठेवणाऱ्या पाच व्हॉलंटिअर्सचे मुख्य म्हणजे आमचे काका. पंधरा वर्षं दर रविवारी दाराला तेल पाजणं, कुजलेली फळी बदलणं, बिजागरांतला गाळ काढणं.

अहिल्याकाकू म्हणतात, “मला आधी वाटलं, यांनी रविवारची कुणी बाई ठेवलीय. बाई परवडली असती गं, तिनं एवढा चिखल नसता आणला घरात.”

मी पंधरा वर्षांत तिथे एकदाही गेले नव्हते. मंडळातलं कुणीच गेलं नव्हतं. काका दर वर्षी पिकनिकच्या मीटिंगला सुचवायचे, “कालव्यावर जाऊया,” आणि दर वर्षी आम्ही ‘हो हो, बघूया’ म्हणून लेकवर जायचो. लेकवर बार्बेक्यूची सोय आहे, बाथरूम्स चांगल्या आहेत. काकांनी कधी तक्रार केली नाही. पुढच्या वर्षी परत सुचवायचे.

गेल्या सप्टेंबरात त्यांचा फोन आला, “बावीस मिनिटांत येतो. काम आहे.” आले, सोफ्याच्या कडेवर बसले, चहा नको म्हणाले. तेव्हाच मला कळायला हवं होतं की प्रकरण गंभीर आहे.

“रेणू,” म्हणाले, “या वर्षी पिकनिक कालव्यावर कर. मी मंडळाकडे आजवर काही मागितलेलं नाही. आता मागतोय.”

झालं होतं असं. लॉक चालवून दाखवायचा कार्यक्रम उन्हाळ्यापासून महिन्यातून एकदा असायचा. लोक येईनासे झाले होते. जुलैत चौदा, ऑगस्टमध्ये नऊ, सप्टेंबरात सतरा. पार्कच्या कमिटीनं ठरवलं, एवढ्याशा लोकांसाठी इन्शुरन्स, पाण्याची परवानगी, व्हॉलंटिअर्स, इतका व्याप परवडत नाही. ऑक्टोबरचा शेवटचा कार्यक्रम. त्याला निदान तीस माणसं आली तर पुढच्या वर्षी चालू ठेवू. नाही आली तर दारं लोखंडी पट्ट्यांनी कायमची बंद करून पाटी लावू.

“दार हललं नाही की दोन हिवाळ्यांत कुजतं,” काका म्हणाले. “मग ते पुन्हा कधीच उघडणार नाही.”

त्यांचा आवाज कापला असं मी म्हणणार नाही. काकांचा आवाज कापत नाही. पण खिशातली पेन्सिल काढून ते तिचं टोक आतबाहेर करत बसले होते. मला एकदम लाज वाटली. पंधरा वर्षं आम्ही या माणसाला लेकवर नेत होतो.

“काका, चाळीस माणसं आणते,” मी म्हणाले. “माझा शब्द.”

इथपर्यंत सगळं छान होतं. मग मी वही काढली आणि विचारलं, कार्यक्रम किती वाजता? तर म्हणाले, साडेदहा. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही, कारण कालव्याचं पाणी आता पिण्यासाठी जातं, आणि पाणी खात्याचा माणूस तेवढ्यापुरतंच ते वरून सोडतो. एकदाच लॉक भरायचं, एकदाच रिकामं करायचं.

“मग मी ईमेलमध्ये नऊ लिहिते,” मी म्हणाले. “म्हणजे लोक दहाला येतील. पार्किंगपासून चालत दहा मिनिटं, आरामात.”

“नऊ का? जमायचं दहाला आहे ना?”

आता वाचणाऱ्यांना सांगायला हवं. मी सेक्रेटरी झाले त्या पहिल्या गणपतीला पाचची वेळ लिहिली होती. पाच वाजता हॉलमध्ये मी, गुरुजी आणि गणपती. लोक सहाला आले. पुढच्या वर्षी मला सहाला सुरू करायचं होतं, मी पाच लिहिलं. लोक सहाला आले. तेव्हापासून हा हिशोब पक्का बसला. मी एक तास आधीची वेळ छापते, लोक एक तास उशिरा येतात, कार्यक्रम वेळेवर सुरू होतो. कुणी कुणाला हे कधी बोलून दाखवलेलं नाही. नव्या आलेल्या मुलांनाही दोन कार्यक्रमांत आपोआप समजतं. वीस वर्षांत एकदाही फसलेलं नाही. मला तर माझ्या या व्यवस्थेचा अभिमान होता. ती मी काकांना हसत हसत सांगितली.

काका हसले नाहीत.

“म्हणजे गणपतीला तू पाच लिहितेस तेव्हा सहा असतात?”

“अहो काका, सगळ्यांना माहीत आहे.”

“मला माहीत नव्हतं.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वीस वर्षं दर गणपतीला, दर दिवाळीला, दर संक्रांतीला मी हॉलवर पोचायची तेव्हा काका-काकू आधीच आलेले असायचे. खुर्च्या मांडून झालेल्या असायच्या. मला वाटायचं, किती मदतीचा सोस या माणसाला! आणि हे बिचारे मी छापलेल्या वेळेवर येऊन तासभर बसायचे, बाकीचे सगळे बेशिस्त आहेत असं समजून.

“सॉरी काका,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

“माझ्या कार्यक्रमाला खोटी वेळ छापायची नाही,” ते म्हणाले.

मी समजावून पाहिलं. हातापाया पडायचीच बाकी राहिले. म्हटलं, काका, ही खोटी वेळ नाही हो, ही मंडळाची वेळ आहे. म्हटलं, डॉक्टर नाही का साखरेत औषध घालून देत. म्हटलं, तुम्हाला दार वाचवायचंय ना? पण छे! “लोकांना खरं सांगितलं तर लोक येतात,” म्हणाले. “तू कधी सांगूनच पाहिलं नाहीस.” आणि बावीस मिनिटांच्या रस्त्यानं घरी गेले.

डोकं फिरलं माझं. नवऱ्याला, नरेंद्रला, म्हटलं, हा माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोय आणि धोंडा उचलायला मला लावतोय. नरेंद्र म्हणाला, मग गुपचूप नऊ लिही, त्यांना कोण सांगणार? पण ईमेल काकांनाही जाते ना! आणि खरं सांगू? ते सोफ्याच्या कडेवर बसून ‘मला माहीत नव्हतं’ म्हणाले ते काही मनातून जाईना. मी खरी वेळ लिहिली. ‘सकाळी दहाला पार्किंगमध्ये जमायचं. दहा म्हणजे दहा. शार्प.’ खाली लाल अक्षरात लिहिलं, ‘या वेळी वेळ खरोखरची आहे.’ तीस माणसांचं सगळं प्रकरणही लिहिलं, दारं कायमची बंद होतील तेही लिहिलं.

चाळीस नाही, त्रेचाळीस लोकांनी होकार कळवला. मंडळाचा अध्यक्ष संग्राम म्हणाला, मिसळ माझ्याकडे. ग्रुपवर फटाफट मेसेज आले, काकांसाठी काय पण, आपण सगळ्यांनी सपोर्ट केला पाहिजे, हेरिटेज आहे यार. मला भरून आलं. मी उगीच आपल्या लोकांना नावं ठेवते, असं वाटलं.

शनिवारी संध्याकाळी मात्र राहवेना. फोन हातात घेऊन ग्रुपवर टाइप केलं, ‘छोटासा बदल, नऊला जमूया.’ दहा मिनिटं त्याकडे बघत बसले. मग खोडलं.

रविवारी मी साडेनऊला पार्किंगमध्ये होते. मंडळाचा बॅनर, पाण्याचा कूलर, पेपर प्लेट्स. नरेंद्र मागून संग्रामबरोबर मिसळ घेऊन येणार होता. हवा छान होती, झाडं लाल-पिवळी झालेली, पाणी हिरवं आणि शांत. काका लॉकवर जायला निघालेच होते. जाताना विचारून गेले, “किती येतील?”

“त्रेचाळीस,” मी म्हणाले.

“पाच-सहा आजारी पडतील. सदतीस धरतो,” म्हणाले आणि चक्क हसले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, “रात्रभर बडबडतायत गं. तुमच्यासाठी मराठीतून माहिती पाठ केलीय. आरशासमोर.”

दहा वाजले. पार्किंगमध्ये माझी गाडी, काकांची गाडी, आणि तीन गाड्या कुणा परक्यांच्या.

दहा पाचला मी नरेंद्रला फोन लावला. “निघतोच आहे,” म्हणाला. निघतोच आहे! “अरे, तुला पोचायला हवं होतं!” तर मला म्हणतो, “दहा म्हणजे अकरा ना?”

“नरेंद्र, मी लाल अक्षरात लिहिलं होतं!”

“तू दर वर्षी लिहितेस लाल अक्षरात.”

“मी तुला घरात तोंडानं सांगितलं!”

“मला वाटलं, सगळ्यांना सांगतेस तेच मलाही सांगतेयस.”

तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाशी मी पंचवीस वर्षं संसार केला त्याला मी खरं कधी बोलते आणि मंडळाचं कधी बोलते हे कळत नाही. मी फोन कापला आणि यादी काढून एकेकाला लावत सुटले. एक जण आंघोळीला गेलेला. एक जण ओक ट्री रोडच्या देशी दुकानात ढोकळ्याच्या रांगेत, “अगं भरपूर वेळ आहे की!” एकीनं फोनच उचलला नाही. एक जण तेवढा खरंच वेळेवर निघाला होता, नवीन आलेला, अजून न बिघडलेला. तर तो कालव्याच्या भलत्याच टोकाच्या पार्किंगमध्ये उभा होता. कालवा मैलोन् मैल लांब, पार्किंग वीस, जीपीएसला काय त्याचं! “ताई, इथे तर कुणीच नाही,” म्हणाला. मी म्हटलं, “इथेही कुणी नाही, बाबा.”

दहा वीसला मला खरं तर लॉककडे निघायला हवं होतं. पण मला वाटलं, एखादी तरी गाडी येईल, तिला वाट दाखवायला कुणी नको का? एक पांढरी व्हॅन वळली, मी हात हलवत धावले. त्यातून एक माणूस आणि त्याचा मासे पकडायचा गळ उतरला.

साडेदहाला घंटा वाजली. लॉक सुरू करताना वाजवतात ती. झाडांमागून स्पष्ट ऐकू आली. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

मी तिथेच उभी राहिले. अजून पाच मिनिटं, अजून पाच मिनिटं, असं करत. फोन कानाला, डोळे रस्त्यावर. कुणी ‘शेवटच्या सिग्नलला आहोत’ म्हणे, आणि मागून घरातल्या मिक्सरचा आवाज यायचा. शप्पथ सांगते, त्या वेळी मी मंडळाचा राजीनामा मनात तीनदा लिहिला. शेवटी दहा पन्नासला कूलर, बॅनर, सगळं तिथेच टाकून मी धावत सुटले.

धापा टाकत पोचले तेव्हा लॉकमधलं पाणी खाली गेलेलं, भिंती ओल्या, शेवाळ चकाकत होतं. दारं मिटलेली. दोन सायकलवाले हेल्मेट चढवत होते. एक म्हातारं जोडपं कुत्र्याला पट्टा लावत होतं. एक बाप तीन मुलांना ‘चला आता’ करत होता, मुलं जायला तयार नव्हती. गळ्यात दुर्बिणी लटकवलेल्या तीन बायका काकांचे हात हातात घेऊन थँक्यू म्हणत होत्या. झालं, एवढीच माणसं. काकू ओंडक्याला टेकून कंबर दाबत उभ्या होत्या. दार रेटायला माणसं कमी पडली म्हणून पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पाठ लावली होती.

“कुठे होतीस?” काकूंनी विचारलं.

काकांनी विचारलं नाही. ते नुसते माझ्या मागे वाटेकडे बघत होते, कुणी येतंय का म्हणून.

आणि आले की! बरोब्बर अकराला पार्किंगमध्ये जमून आले. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा सगळेच्या सगळे एकदम, वेळेवर. खेचरांच्या वाटेनं बायका-माणसं-पोरं रांगेनं चालत, हातात फॉइलचे ट्रे, मिसळीचं पातेलं, ढोकळ्याचे बॉक्स, कुणीतरी माझा बॅनरही उचलून आणलेला. सगळ्यांत पुढे संग्राम, दोन्ही हात वर करून. “रेणूताई, बघ! मंडळ ऑन टाइम! एक मिनिट लेट नाही!”

मला त्याला कालव्यात ढकलावंसं वाटलं. मग वाटलं, त्याला का? त्याला वीस वर्षं शिकवलं कुणी?

कमिटीतर्फे पॅट नावाची बाई आली होती, पिकल्या केसांची, पार्कची हिरवी टोपी घातलेली. तिच्या हातात पॅड, त्यावर फॉर्म. त्यावर किती लोकांनी प्रात्यक्षिक पाहिलं तो आकडा मुख्य व्हॉलंटिअरनं लिहायचा आणि सही करायची. इतका वेळ बिचारी पडलेल्या चेहऱ्यानं उभी होती. ही वरात बघून तिचा चेहरा खुलला. “प्रल्हाद, हे तुमचे लोक ना?” ती म्हणाली, सगळं इंग्रजीतच, पण ते काय सांगायला नको. “आले की हो! इतके सारे!”

“येस,” काका म्हणाले. “दे आर माय पीपल.”

पॅटनं पॅड त्यांच्या हातात दिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, फॉर्मवर तारीख आहे, मिनिटं नाहीत. हे लोक आज इथे आले हे तर खरंच आहे. तुम्ही पन्नास लिहा, कमिटीत कुणी विचारणार नाही, मी स्वतः सांगेन. तुम्हाला हे लॉक हवंय, मलाही हवंय.

मी तेवढ्यात सगळ्यांना घाईघाईनं मराठीतून सांगितलं, कार्यक्रम होऊन गेलाय, आणि आकडा आता काकांच्या हातात आहे. कुणीतरी ‘अरेरे’ म्हणालं, कुणीतरी ‘म्हणजे खरंच दहा होते?’ मग संग्राम पुढे झाला. त्याचा चेहरा खरोखर उतरला होता, उगीच कशाला खोटं सांगू. “काका, लिहा पन्नास. आम्ही आलोय ना! आम्ही सगळे सही करतो. पुढच्या वर्षी दर महिन्याला येतो, शब्द देतो.” मागून सगळे, “हो काका, लिहा, लिहा!” पोरंसुद्धा ओरडायला लागली. त्या तीन दुर्बिणवाल्या बायकाही काही न कळता टाळ्या वाजवायला लागल्या.

काकांनी खिशातून पेन्सिल काढली. सगळ्यांकडे बघितलं. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, “दार उघडताना कुणी पाहिलं?”

एकानं हात वर करायला घेतला आणि बायकोनं त्याचा शर्ट ओढला.

“काका,” मी म्हणाले. “प्लीज. पंधरा वर्षांचं काम आहे तुमचं. आमच्या मूर्खपणासाठी दार का कुजवताय? एका आकड्यानं कुणाचं काय बिघडणार आहे?”

“तू मोजलेस का गं?” त्यांनी मलाच विचारलं. “आधीचे, ते सगळे.”

मोजले होते. दोन सायकलवाले, दोन म्हातारे, चौघं बापलेक, तीन बायका. “अकरा,” मी म्हणाले. मग माझा मलाच संताप आला आणि मी म्हणाले, “निदान मला तरी धरा! मी साडेनऊपासून इथे आहे. मी खरी वेळ छापली, तुमचं ऐकलं. मला तरी धरा काका, बारा लिहा!”

बारा लिहून लॉक वाचणार नव्हतं, हे मलाही कळत होतं. पण मला त्या आकड्यात यायचं होतं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मोदकाच्या कळ्या मोजताना बघतात तसं नीट निरखून. “तू पाहिलंस, रेणू?”

माझ्या जिभेवर ‘हो’ आलं होतं. लांबून दिसलं म्हटलं असतं. घंटा ऐकली म्हटलं असतं, आणि ती तर खरंच ऐकली होती. वीस वर्षं मी पापणीही न हलवता सहाचे पाच केले होते, एक ‘हो’ मला काय जड होतं?

“नाही,” मी म्हणाले. “मी पार्किंगमध्ये होते.”

त्यांनी मान हलवली, पॅड गुडघ्यावर टेकवलं आणि अकरा लिहिले. खाली सही केली. पॅटनं कागद घेतला, बघितला. टोपी काढून हातात धरली आणि गाडीकडे चालायला लागली.

मिसळीचं पातेलं धरून नरेंद्र तसाच उभा होता. मला भयंकर राग आला होता. काकूंचा नाही, संग्रामचा नाही, नरेंद्रचाही नाही. काकांचा. आणि रडू येत होतं.

काकांनी पेन्सिल खिशात ठेवली. शर्ट सारखा केला. आणि पाठ केलेल्या मराठीत, मोठ्या आवाजात, त्रेचाळीस माणसांना म्हणाले, “नमस्कार. या, पुढे या. बंद दार दाखवतो.”